तांडेलांची फाइल

वैदेही जोगळेकरने १९९८ साली मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम चक्क पैसे मोजून विकत घेतला, तेव्हा मारुती मंदिराच्या आसपासच्या सगळ्या डीटीपीवाल्यांनी तिला वेड्यात काढलं. रत्नागिरीत तेव्हा रीत अशी, की एकाने मुंबईहून प्रोग्रॅम पैदा करायचा आणि बाकीच्यांनी तो सीडीवर उतरवून घ्यायचा. वैदेहीला ते पटेना. सहा वर्षं टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवून साठवलेले पैसे तिने त्यात घातले. प्रोग्रॅमबरोबर काडेपेटीएवढं एक लॉक आलं. ते संगणकाच्या पाठीमागे खोचलं तरच प्रोग्रॅम उघडायचा. शेजारी झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या यमुनाबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "एवढ्याशा डबीत असं काय गं ठेवलंय?"

पण अक्षर असं उतरायचं, की बघत राहावं. वकिलांचे दावे, शाळांच्या प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, सगळं तिच्याकडे येऊ लागलं. 'द्ध' आणि 'ह्य' ही जोडाक्षरं बघून गिऱ्हाईक ओळखायचं, की हे जोगळेकर बाईंचं काम. तिचे हात त्या प्रोग्रॅमला इतके बसले होते, की बोलता बोलता ती पान पुरं करायची.

२००५च्या सुमारास सखाराम डोर्लेकर तिच्याकडे यायला लागले. मिरकरवाड्याचे हे जुने तांडेल, म्हणजे लाँचवरचे मुख्य. चाळीस वर्षं समुद्र केलेला माणूस. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर किनाऱ्यावर बसले होते. पहिल्यांदा आले ते मच्छीमार सोसायटीचा अर्ज टाइप करून घ्यायला. अर्ज झाल्यावर खुर्चीतून उठेनात.

"बाय, मी सांगतो, तू लिहिशील काय? शाळा मी दुसरीपर्यंतच केली."

"काय लिहायचं, काका?"

"समुद्र."

तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी, धक्क्यावरचा लिलाव उरकला की सखाराम यायचे, पंख्याखालच्या खुर्चीत बसायचे आणि डोळे मिटून सांगायचे. कुठल्या वाऱ्याला तारली मासळी वर येते, पाण्याचा रंग कसा पालटला की जाळं ओढून घ्यायचं, दीपगृह आणि मागची टेकडी एका रेषेत आली की किती वाव खोल पाण्याखाली कुठला खडक आहे. वैदेहीच्या घरात मासळी शिजत नव्हती. सुरमई आणि बांगडा यांतला फरक तिला सखारामांनी शब्दांनीच शिकवला. अडीच वर्षांत एकशेचाळीस पानं झाली. मच्छीमार सोसायटी त्यांचं पुस्तक छापायला तयार झाली होती. छापील पान हातात घेऊन सखाराम त्यावरून अंगठा फिरवायचे. "झ्याक दिसतंय," म्हणायचे. वाचायचं काम वैदेहीचं.

२००७च्या दिवाळीनंतर एका दुपारी सखारामांची सून सानिका दुकानात आली. ती एका शाळेत विज्ञान शिकवायची. तिचा नवरा संदेश मालवाहू जहाजावर बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम होता, वर्षातले नऊ महिने बाहेर. तिने पर्समधून एक कागद काढून टेबलावर ठेवला.

"ताई, बाबांची फाइल तुम्ही सीडीवर दिलीत ना, ती मी यांना मेलने पाठवली. यांना तिकडे असं दिसतंय."

कागदावर इंग्रजी अक्षरांची खिचडी होती. मध्येच कंस, मध्येच डॉलरची खूण. मराठीचं एक अक्षर नव्हतं.

"त्यांच्या संगणकावर हा प्रोग्रॅम नसेल," वैदेही म्हणाली. "असल्याशिवाय असंच दिसणार."

"जहाजावर कुठून आणायचा, ताई?"

वैदेहीने पानांची चित्रं करून पाठवली, तर जहाजाच्या मेलला ते ओझं पेलवेना. छापील पानं पोस्टाने डर्बनला पाठवली, ती पोचली तोवर जहाज तिथून सुटलं होतं. मग सानिका म्हणाली, "नेटवर आता एक सोय निघालीय. आपण तिथेच टाइप करायचं. कागद तिथेच राहतो. हे कुठल्याही बंदरातून तेच पान उघडतील आणि त्यावर लिहूही शकतील. विकत घ्यायचं काही नाही."

"फुकट?"

"फुकट ते पौष्टिक!" सानिका हसली.

वैदेहीला हसू आलं नाही. फुकट मिळणाऱ्या वस्तूवर तिचा विश्वास नव्हता. दहा वर्षं तिने त्याच एका गोष्टीपायी चारचौघांचं हसू सोसलं होतं. आपला कागद परदेशातल्या कुठल्या तरी मशीनवर ठेवायचा, तो तिथे नीट राहील हे कशावरून? आणि तिथली मराठीही वेगळी. जुनी फाइल बदलून घ्यायची खटपट सानिकाने करून पाहिली, तर वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसल्या आणि रफार गळाले. म्हणजे एकशेचाळीस पानं पुन्हा टाइप करायची, तीही नव्या कीबोर्डाच्या पद्धतीने. मनातली आणखी एक गोष्ट ती बोलली नाही. उद्या जो तो आपापल्या घरी बसून फुकटात मराठी टाइप करायला लागला, तर तिच्या दुकानाची पायरी कोण चढणार?

शुक्रवारी सखाराम आले तेव्हा ती म्हणाली, "काका, एवढी घाई कशाला? पुस्तक छापून होऊ दे. संदेश सुट्टीवर आला, की हातातच द्या."

सखारामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "आला, की आठ दिवस घरी आणि बाकी अलोऱ्याला सासरवाडीस. माझ्यासमोर बसत नाय तो, बाय. सोळा वर्षं झाली. तो वाचील म्हणूनच तर सांगतोय मी. सोसायटीवाल्यांना काय करायचंय? त्यांच्याकडे जीपीएस हाय."

अडीच वर्षं ते कुणाशी बोलत होते, हे वैदेहीला त्या दिवशी कळलं. संध्याकाळी तिने सानिकाला फोन केला आणि ते कसं उघडायचं विचारून घेतलं.

पहिला महिना हाल झाले. डोळे मिटून पान उतरवणारी बाई एकेक अक्षर शोधायला लागली. हात जुन्या सवयीने जायचे आणि 'समुद्र'च्या जागी भलताच शब्द उमटायचा. भारनियमनात वीज जायची. एकदा रस्ता खोदताना टेलिफोनची केबल तुटली आणि चार दिवस पानच उघडेना. तेव्हा तिने यमुनाबाईंना ऐकवलं, "माझी डबी बरी. तिला कुणाच्या तारेची गरज नाही." कागदावर काढून बघितलं तर अक्षर ओबडधोबड. पण धंद्याचं काम सांभाळून ती दिवसाला दोन-तीन पानं नेटाने उतरवत राहिली. सखाराम शेजारी बसून राहायचे. आता सांगण्यासारखं काही नसलं तरी यायचे.

जानेवारीत एका मंगळवारी पानाच्या तळाशी एक ओळ उमटली. संदेशने हेच पान उघडलं आहे, असं ती सांगत होती.

"काका, संदेश आलाय."

सखारामांनी झटक्यात दाराकडे बघितलं.

"तिकडे नाही, इथे. त्याने पान उघडलंय. सिंगापूरहून असेल."

पंधरा-वीस सेकंदांनी वरच्या कोपऱ्यात शब्द आले. इंग्रजी अक्षरांत, पण मराठी. वैदेहीने वाचून दाखवलं, "बाबा, चहा झाला का?"

सखाराम पुढे झुकले आणि संगणकाच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडले, "झाला रे! तुजा झाला काय?"

पलीकडून यमुनाबाई धावत आल्या. वैदेहीने हसत हसत ते टाइप केलं.

मग हे सुरू झालं. जहाज बंदराला लागलं, की संदेश खलाशांच्या क्लबात आपला लॅपटॉप घेऊन बसायचा. एखादं नाव दुरुस्त करायचा. एके ठिकाणी त्याने लिहिलं, 'ही खूण आता दिसत नाही, तिथे नवीन इमारत झाली.' सखारामांनी ते ऐकून मान डोलावली. दुसऱ्या दिवशी जाऊन बघून आले आणि म्हणाले, "खरं हाय. पोरग्याचं ध्यान असतं." संदेशच्या ओळी वैदेही मराठी अक्षरांत उतरवून ठेवायची. तिच्या विकतच्या प्रोग्रॅममध्ये पान तिच्या टेबलावर बसून राहायचं. हे पान मात्र तिच्या पाठीमागे वाढायचं. सकाळी दुकान उघडल्यावर आधी ते बघावं, असं तिला वाटायला लागलं.

फेब्रुवारीत ती शहाण्णवाव्या पानावर आली आणि तिचा हात थांबला. वर्षभरापूर्वी हेच तिने गप्पा मारता मारता टाइप केलं होतं. 'एक्क्याण्णव सालच्या माघात आमची लाँच म्हातारीच्या खडकावर बसली. सुकाणू मुलाच्या हाती होतं. त्याचं लक्ष नव्हतं. आमच्या विठूचा हात मोडला तो कायमचा.' तेव्हा ती एक गोष्ट होती. आता ती तो मुलगा वाचणार होता.

"काका, हे असंच ठेवू?"

"जसं झालं तसं लिही."

तिने लिहिलं.

नऊ दिवसांनी, सकाळी दुकान उघडून ती बसली, तर त्या परिच्छेदाखाली सात ओळी आल्या होत्या. तिने एकदा वाचल्या आणि उठून पाणी प्यायली. मग पुन्हा वाचल्या.

'हे असं झालं नाही. बाबा पुढे होते. मी दोनदा ओरडून विचारलं, खडक जवळ आलाय, बाहेरून वळसा घेऊ का? बाबा म्हणाले, भरती आहे, चल तसाच, लिलाव चुकेल. भांगाचा दिवस होता. पाणी चढलंच नव्हतं. मी अठरा वर्षांचा होतो. धक्क्यावर सगळे मला बोलले आणि बाबा गप्प बसले.'

भांगाच्या दिवसांत भरती अर्धवटच चढते, हे खुद्द सखारामांनीच तिला बाराव्या पानावर सांगितलं होतं. पोरसवदा तांडेलही ते विसरत नाही, असंही सांगितलं होतं.

त्या दिवशी शुक्रवार होता. अकरा वाजता सखाराम यायचे होते. तोवर दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. त्यांना काय हवं होतं, तेही तिच्या डोक्यात शिरलं नाही. त्या ओळी पुसून टाकाव्यात, असं तिला वाटलं. एका बटणाचं काम. पण पुसलेलंही तिथे मागे जाऊन बघता येतं, हे तिला ठाऊक झालं होतं. शिवाय पुसणारी ती कोण?

सखाराम आले. तिने वाचून दाखवलं. एकही शब्द गाळला नाही.

सखारामांचा चेहरा विटकरीसारखा झाला. "काढ ते."

"काका..."

"माझ्या पुस्तकात दुसऱ्याचं काय काम? काढ म्हणतो ना!"

"मी काढलं तर तो पुन्हा लिहील. ते पान त्यालाही उघडतं, तुमच्याइतकंच."

"मग तुझं जुनं मशीनच बरं होतं. थितं तो येत नव्हता." सखारामांनी टोपी घातली आणि ते निघून गेले.

मंगळवार गेला, शुक्रवार गेला, पुढचाही मंगळवार गेला. खुर्ची रिकामी. वैदेहीने एकदा जुनी फाइल उघडून बघितली. शहाण्णवावं पान तिथे जसंच्या तसं होतं, रेखीव अक्षरात. 'त्याचं लक्ष नव्हतं.' किती शांत होतं ते पान! म्हातारा तरी तिथे सुखी होता. फुकटच्या नादाला लागून आपण एका घरातली जखम उघडी केली, असं तिच्या मनाने घेतलं. तिने सानिकाला फोन केला. सानिका म्हणाली, "बाबा जेवतात, झोपतात. बोलत नाहीत. यांना मी काहीच कळवलेलं नाही."

तिसऱ्या शुक्रवारी बारा वाजता दुकान यमुनाबाईंवर सोपवून वैदेही रिक्षाने मिरकरवाड्याला गेली. इतकी वर्षं रत्नागिरीत काढून ती धक्क्यावर पहिल्यांदाच जात होती. बर्फाच्या लाद्या फोडणारे, टोपल्या डोक्यावर घेतलेल्या बायका, ओल्या जमिनीवर घसरणारी तिची चप्पल. पदर नाकाला लावावा, असं वाटलं, पण तिने लावला नाही. एका शेडच्या सावलीत सखाराम फाटलं जाळं पसरून बसले होते. तिला बघून ते चटकन उठले आणि बसायला एक पालथी टोपली पुढे सरकवली.

"तू इथं कशाला आलीस, बाय?"

"तुम्ही आला नाहीत म्हणून."

ते पुन्हा जाळ्याकडे वळले. मान वर न करता बोलायला लागले.

"काल विठूकडं गेलो होतो. तो माझ्या लाँचवर बारा वर्षं होता. हात मोडला, मंग कधी समुद्रावर आला नाय. त्याला म्हटलं, विठू, त्या दिवशीचं तुला काय आठवतं? तो म्हणाला, सखाराम, सतरा वर्षं झाली, मी वाट बघत होतो तू कधी विचारतोस."

सखारामांनी जाळ्याचा दोरा ओढून एक गाठ मारली.

"पोरगा ओरडला ते मला ऐकू आलं होतं, बाय. चांगलं ऐकू आलं होतं. भांग आहे, हेच डोक्यात नव्हतं. सुरमई भरली होती, लिलाव गाठायचा होता. मंग लोक पोरग्याला बोलायला लागले. मी म्हटलं, आज नको, उद्या सांगीन. एवढा जुना तांडेल भांग विसरला, हे कसं सांगू? उद्याचा परवा झाला. तो एक दिवस पिशवी घेऊन मुंबईला गेला."

त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. "कागद हाय काय तुझ्याकडं?"

वैदेहीने पर्समध्ये शोधलं. वाण्याचं एक बिल सापडलं, पेन सापडलं. मांडीवर पर्स ठेवून, बिलाच्या पाठीवर ती लिहायला लागली. हाताने मराठी लिहिल्याला तिला किती वर्षं झाली होती!

"लिही. संदेशने लिहिलं ते खरं हाय. त्याने दोनदा विचारलं. मीच म्हटलं, चल तसाच. चूक तांडेलाची होती. सुकाणूवाल्याची नव्हती." ते थांबले. "त्याचं काढू नको. माझं त्याच्या खाली घाल."

दुपारी दुकानात येऊन तिने ते उतरवलं. एकही चूक झाली नाही. हात एव्हाना नव्या पद्धतीला बसले होते, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

पण जहाज तेव्हा भर समुद्रात होतं. सोळा दिवस काही नाही. सखाराम आता रोज यायला लागले. दारात उभे राहून नुसती मान हलवून विचारायचे, वैदेही मान हलवून नाही म्हणायची आणि ते परत जायचे. सतराव्या दिवशी ते दारात असतानाच पानाच्या तळाशी ती ओळ उमटली.

"आलाय."

सखाराम येऊन खुर्चीत बसले. दोघं पडद्याकडे बघत राहिले. संदेशचं नाव तळाशी होतं आणि पान होतं तसंच होतं. दहा मिनिटं गेली, वीस गेली. एक वकील कागद घेऊन आला, त्याला तिने संध्याकाळी यायला सांगितलं. चाळीस मिनिटं त्या नावाने काही म्हणजे काही लिहिलं नाही. सखारामांनी एकदाच विचारलं, "हाय ना तो?" ती म्हणाली, "आहे, काका."

मग बाराव्या पानावर, भांग-भरतीच्या मजकुरात, एक ओळ हलली. संदेशने एका वाऱ्याचं नाव दुरुस्त केलं आणि पुढे लिहिलं, 'बाबा, ह्या वाऱ्याला आपल्याकडे असं म्हणतात ना? तुम्हीच सांगितलं होतं.'

वैदेहीने वाचून दाखवलं. सखारामांनी टोपी काढली आणि टोपीनेच तोंड पुसलं. "सांग त्याला, व्हय म्हणावं. असंच म्हणतात."

शहाण्णवाव्या पानाबद्दल बापलेकांनी पुढे कधी अवाक्षर काढलं नाही. सानिकाला मात्र त्याच रात्री मेल आली, की मे महिन्यात सुट्टी मिळतेय आणि या खेपेला मिरकरवाड्यातच राहायचंय.

पुस्तक एप्रिलच्या अखेरीस छापून झालं. सोसायटीने दीडशे प्रती काढल्या. छापखान्याला नेटवरचं ते पान चालेना, त्यांना वैदेहीच्या जुन्याच प्रोग्रॅमची फाइल हवी होती. म्हणून तिने संदेशच्या सगळ्या दुरुस्त्या आणि शहाण्णवाव्या पानावरचे दोघांचे मजकूर जुन्या फाइलमध्ये पुन्हा टाइप केले. जोडाक्षरं अशी उमटली, की छापखानेवालाही वा म्हणाला. तिला बरं वाटलं. धंद्याची चिंता काही सुटली नव्हती. त्या वर्षी दोन शाळांनी प्रश्नपत्रिका आपापल्या संगणकावर करायला घेतल्या. पण त्यातल्याच एका शाळेने शिक्षकांना मराठी टायपिंग शिकवायला तिला बोलावलं आणि पाटीवर तिने 'मराठी टायपिंग शिकवून मिळेल' एवढं एक वाक्य वाढवलं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बापलेक दोघंही दुकानात आले. संदेश बापासारखाच रुंद खांद्यांचा, पण बुजरा. त्याने वैदेहीला वाकून नमस्कार केला. सखारामांच्या हातात पुस्तक होतं.

"बाय, एकेचाळीसाव्या पानावर एक खडक राहिला."

"काका, पुस्तक छापून झालं. आता त्यात नाही काही घालता येत."

"ह्याच्यात नको. त्या दुसऱ्यात घाल. थितं जागा हाय ना?"

तिने नेटवरचं पान उघडून दिलं आणि संदेशला म्हणाली, "तूच लिही. आणि इंग्रजी अक्षरांत नको. बस, मी दाखवते."

त्याने एका बोटाने सुरुवात केली. दोन शब्द होतात न होतात तोच खडक दीपगृहाच्या दक्षिणेला की नैर्ऋत्येला, यावरून दोघांचं वाजलं. दीड वाजला तरी मिटेना. वैदेहीला घरी जेवायला जायचं होतं. तिने यमुनाबाईंना लक्ष ठेवायला सांगितलं आणि ती निघाली. वाद रस्त्यापर्यंत ऐकू येत होता.

चार वाजता परत आली तेव्हा दोघं गेले होते. पान उघडंच होतं. एकेचाळीसाव्या पानावर अकरा ओळी वाढल्या होत्या, मराठी अक्षरांत. ऱ्हस्वाचं दीर्घ, दीर्घाचं ऱ्हस्व, आणि 'नैर्ऋत्य' हा शब्द तीन प्रकारांनी लिहिलेला. वैदेहीने खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्या ओळीपासून वेलांट्या दुरुस्त करायला घेतल्या.